आधी पिसं, मग डांबर

मी हंसी बोलतेय. जरा लांबूनच ऐका. मी चावते, आणि चावल्यावर माफी मागायची आमच्यात पद्धत नाही.

दूध आणि पाणी वेगळं करणारे हंस कुठेतरी असतात म्हणे. मी त्यातली नव्हे. माझ्यापुढे दूध-पाणी ठेवाल तर मी दोन्ही पिईन आणि वर भांडं उलथं करीन. माझी मान लांब आहे, पण तिच्यावर अजून कुणी कविता केलेली नाही. माझी चाल पाहून लोक हसतात. मात्र मी पुढे निघून गेल्यावर हसतात, एवढी अक्कल त्यांना आली आहे.

माझा जन्म मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या क्लॅमनेक गावचा. गाव बंदराचं, माशांच्या वासाचं. ज्या वर्षी राजानं कागदावर कर बसवला, त्या वर्षीच्या वसंतात मी अंडं फोडून बाहेर आले. पाहते तो सगळं गाव ओरडत होतं. मला वाटलं, माझ्याच स्वागताला जमलेत. पुढे कळलं की हे लोक कायमच ओरडतात.

राजा राहायचा समुद्रापलीकडे, विलायतेत. त्याला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि त्यानंही आमच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. इकडून 'हा कर नको' असं पत्र जायचं. जहाज डुलत डुलत पोचायचं, तिकडे कुणीतरी ते पत्र सावकाश वाचायचं, आणि उत्तर यायच्या आत तो कर जाऊन दुसराच आलेला असायचा. त्यामुळे आमचं गाव नेहमी मागच्या करावर चिडलेलं असायचं, आणि चालू कराची चीड पुढच्या वर्षाला शिल्लक पडायची.

कागद झाला, काच झाली, रंग झाला, चहा झाला. गावाचं म्हणणं एकच होतं: "तिकडच्या सभेत आमचा एकही माणूस बसत नाही. आम्हाला न विचारता आमच्या घरात हात घालणारे तुम्ही कोण?" हे वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण आमचे मालक झेडॉक पेटिंगिल ते जेवताना म्हणायचे, दाढी करताना म्हणायचे, आणि एकदा तर प्रार्थनेत 'आमेन'च्या जागीही म्हणाले होते.

झेडॉक पिंपं करायचे आणि बोलायचे. दोन्ही कामं एकाच वेळी चालायची, म्हणून पिंपं थोडी गळायची.

मालकीण सबमिटबाई. आमच्या मुलखात मुलींना गुणांवरून नावं देतात. सबमिट म्हणजे 'नमून राहा'. आईबापांनी फार आशेनं ठेवलं असणार. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आमच्या बाई आयुष्यात नमल्या त्या फक्त माझी पिसं उपटायला.

ती गोष्ट सांगायलाच हवी. वर्षातून चार वेळा बाई हातात झेडॉकांचा जुना लोकरी पायमोजा घेऊन अंगणात यायच्या. तो माझ्या डोक्यावरून पार मानेपर्यंत ओढायच्या, म्हणजे चोच बंद. मग मला मांडीवर उताणी घेऊन छातीपोटाची मऊ पिसं मूठमूठ उपटायच्या आणि पिशवीत भरायच्या. आमच्याकडे घरोघर बायका हे असंच करतात. पायमोज्याच्या वासाबद्दल मी बोलणार नाही. एवढंच सांगते की राजाच्या कराला निदान वास तरी नव्हता.

आणि नेमकं त्याच वेळी कामाच्या छपरीतून झेडॉकांचा आवाज यायचा, "आम्हाला न विचारता!" मी पायमोज्यात मान डोलवायचे.

ही पिसं जायची माळ्यावर, पेशन्सच्या गादीसाठी. पेशन्स ही पेटिंगिलांची एकुलती मुलगी. तिचं लग्न अमॉस टकरशी ठरलं होतं. मुलीनं सासरी जाताना पिसांची गादी न्यायची, ही आमची रीत आहे. गादी नसली तरी लग्न लागतं, पण मग सासू बोलते आणि मरेपर्यंत बोलते. सबमिटबाईंनी सात वर्षं पिसं साठवली होती. अंगणात आम्ही सात जणी होतो, पण त्या पिशवीत निम्म्याहून जास्त मीच होते. बाकीच्या सहा जणी अंगानंच किरकोळ.

माझं नाव ज्युडिथ हे पेशन्सनंच ठेवलं. जुन्या कथेतल्या ज्युडिथनं एका सेनापतीचं मुंडकं उडवलं होतं. मला अजून तशी संधी मिळालेली नाही.

आता ओबडाया. ओबडाया प्रॅट म्हणजे सबमिटबाईंचा धाकटा भाऊ, पेशन्सचा मामा. उंच, बारीक, आणि वाऱ्याच्या दिशेनं थोडा झुकलेला. मासे धरायला गेला तर होडीत बसल्या बसल्या त्याला उलटी व्हायची. शाळेत शिकवायला गेला तर पोरं त्यालाच उभं करायची. शेवटी त्याला राजाच्या जकातीत चिकटवलं. जहाजातून उतरलेल्या मालावर खडूनं खूण करायची, एवढंच काम. खडू धरणं त्याला चांगलं जमायचं.

तो रोज माझ्यासाठी खिशातून मक्याच्या भाकरीचा तुकडा आणायचा. म्हणून मी त्याला फक्त रविवारी चावायचे.

आमच्या गावी कप्तान जोथॅम क्रोवेल म्हणून एक बडं प्रस्थ होतं. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, पोटावर पितळी बटणं. त्यांची जहाजं दक्षिणेच्या बेटांवरून काकवी आणायची. काकवीवर जकात होती. कप्तान काकवीची पिंपं खारवलेल्या माशांखाली ठेवायचे. हे गावाला ठाऊक होतं, पाद्रीबुवांना ठाऊक होतं, माशांनाही ठाऊक असावं. आधीचे जकातवाले जहाज धक्क्याला लागलं की आकाशातले ढग बघत उभे राहायचे.

ओबडायाला ढगातलं काही कळत नव्हतं. त्यानं मासे बाजूला केले.

अकरा पिंपं काकवी निघाली. त्यानं प्रत्येकावर नीट, सारख्या आकाराची खूण केली आणि सगळी पिंपं जकातीच्या कोठीत बंद करून किल्ली गळ्यात घातली. "कप्तानसाहेब, नियमच आहे तसा," म्हणाला. वरून "माफ करा"ही म्हणाला.

हा प्रकार घडला शुक्रवारी. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. क्लॅमनेकमध्ये शनिवारी घरोघर चुलीत घेवड्याचं मडकं जातं. पांढरे दाणे, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, आणि वरून सढळ हातानं काकवी. दिवसभर ते शिजतं, संध्याकाळी खातात, आणि रविवारी चूल पेटवायची नसते म्हणून उरलेलं तेच खातात. आईच्या दुधानंतर या माणसांना ठाऊक असलेली दुसरी चव हीच. आणि घरोघरची काकवी संपून नवी त्या कोठीत अडकली होती.

त्या शनिवारी क्लॅमनेकनं बिनकाकवीचा घेवडा खाल्ला.

कागदावरचा कर या लोकांनी सोसला होता. काचेवरचा सोसला. चहा सोडून रासबेरीचा पाला उकळून प्यायले आणि एकमेकांना 'काय छान लागतो' असं सांगितलं. पण बिनकाकवीचा घेवडा! झेडॉकांनी एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि खिडकीतून समुद्राकडे असं पाहिलं की राजा तिकडे उभा असता तर खाली बसला असता. रविवारी तोच घेवडा थंडगार. पाद्रीबुवांनी त्या दिवशी राजासाठी प्रार्थनाच केली नाही. विसरलो म्हणाले.

सोमवारी गावसभा भरली.

सभा प्रार्थनाघरात भरते. तिथे फक्त पुरुष बसतात. मी खिडकीखाली होते, कारण तिथलं गवत चांगलं आहे. कप्तान क्रोवेल तासभर स्वातंत्र्यावर बोलले आणि काकवीचा शब्दही काढला नाही. मग म्हणाले, "ही जुलमी सत्ता आपल्या दारापर्यंत आली आहे, आणि तिचं नाव ओबडाया प्रॅट आहे!" सगळे बाकांवर मुठी आपटू लागले.

सभेनं एक समिती नेमली, आणि ठरलं असं की बुधवारी दुपारी ओबडायाला धक्क्यावर आणायचं, त्याच्या अंगाला गरम डांबर फासायचं, वर पिसं चिकटवायची, आणि खांबावर बसवून गावाबाहेर काढायचं. बॉस्टनला असंच करतात. डांबर जहाजांच्या कारखान्यात होतं. पिसं?

"पेटिंगिलांच्या माळ्यावर आहेत की," कुणीतरी म्हणालं. "सात वर्षांची."

हात वर झाले. झेडॉकांचाही झाला, पण कोपरापर्यंतच. "देशापुढे मेव्हणा-बिव्हणा काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा ताकासारखा पांढरा पडला होता.

त्या दिवशी घरात शिरण्याआधी झेडॉकांनी विहिरीला तीन प्रदक्षिणा घातल्या. मी मागोमाग होतेच.

"अगं, ऐकलंस का? समितीला थोडी पिसं हवीयत."

"उशीला?" सबमिटबाई चरख्यावरून मान वर न करता म्हणाल्या.

"नाही. म्हणजे, एका कामाला."

"किती?"

"एक माणूस झाकेल एवढी."

चरखा थांबला. "कोण माणूस?"

"तसा बारीकच आहे," झेडॉक म्हणाले.

बाई उठल्या. "ओबडाया?"

"ठराव झालाय गं. सगळ्यांचे हात वर होते."

"तुमचा?"

"माझा अर्धाच होता."

"डांबर उकळतं असतं, माहीत आहे ना? काढताना कातडी निघते. पोरीचा मामा आहे तो! मी त्याला कडेवर घेऊन वाढवलंय. आणि त्याच्या अंगावर घालायची पिसं माझ्याच माळ्यावरून नेणार? पोरीच्या गादीतली?"

"अगं, गावाच्या कामाला..."

"मला विचारलंत?"

"बायकांना सभेत कुठे..."

"म्हणजे ज्या सभेत माझं एकही माणूस बसत नाही, त्या सभेनं मला न विचारता माझ्या घरात हात घालायचं ठरवलं."

झेडॉकांनी नाक खाजवलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "हे मी कुठेतरी ऐकलंय."

मी दारातून जोरात ओरडले. इतक्या वर्षांत या घरात कुणीतरी पहिल्यांदाच माझ्या मनातलं बोललं होतं. बाईंनी माझ्या अंगावर झाडू फेकला, पण मी ते मनावर घेतलं नाही.

मंगळवारी सकाळी कप्तान क्रोवेल स्वतः आले. टोप नीट बसवलेला, आवाजात तूप.

"वहिनी, देश मागतोय. देशाला नाही म्हणू नये."

"देशाला तुमच्या घरच्या गाद्या चालत नाहीत का, कप्तान?"

कप्तानांनी घसा खाकरला. "आमच्या घरी विचारलं मी. हेप्झिबाचं म्हणणं पडलं की..." आणि ते बूट बघत राहिले.

त्याचं कारण असं की सबमिटबाई त्याच्या आधीच गावभर फिरून आल्या होत्या. आमच्याकडे तेव्हा बायकांनी एक नेम धरला होता. विलायती कापड घ्यायचं नाही, सूत घरीच कातायचं, आणि कातायला एकत्र बसायचं. पुरुषांना त्याचा भारी अभिमान. 'आमच्या बायकासुद्धा लढतायत' असं सांगायचे. त्या मंगळवारी दुपारी बावीस चरखे आमच्या अंगणात आले. चरखे फिरत होते, पण सूत कमी निघालं आणि बोलणं जास्त.

"आज पिसं मागतायत, उद्या पांघरुणं मागतील," हेप्झिबाबाई म्हणाल्या. त्या कप्तानांच्या बायको, त्यामुळे त्यांना आतली माहिती असायची. "परवा म्हणतील चमचे वितळवायचेत."

"आणि जो माणूस होडीला घाबरतो, त्याच्यावर एवढं डांबर?" दुसरी म्हणाली. "माझ्या म्हातारीची शेळी शेतात अडकली तेव्हा त्यानंच सोडवली होती. शेळीनं लाथ मारली तर तिलाच 'माफ कर' म्हणाला."

शेवटी हात वर झाले. एकाही घरातून एकही पीस बाहेर जाणार नाही. मीसुद्धा पंख वर केला होता. तो मोजला नाही.

बुधवार उजाडला. दुपारी धक्क्यावर मोठी कढई चढली. डांबर रटरटत होतं. ओबडायाला घरातून आणून एका उलट्या पिंपावर बसवलं होतं. त्याला बांधलं झेडॉकांनी. ओबडाया जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला हळूच विचारत होता, "फार गरम आहे का हो?"

मी तिथे का गेले, तर त्या दिवशी माझा मक्याचा तुकडा आला नव्हता. तो त्याच्या खिशात होता. मला वास येत होता.

सगळी तयारी झाली आणि समितीच्या लक्षात आलं की पिसं नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागला. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याची बायको देईल.

"पिंपांचा भुसा चालेल?" झेडॉकांनी विचारलं. "माझ्याकडे पोतंभर आहे."

"भुसा लावला तर लोक म्हणतील सुतार घसरून पडला," कप्तान म्हणाले. "देशद्रोह्याला पिसंच लागतात."

"मक्याची सालं?"

"तो बुजगावणं दिसेल. बुजगावण्याला कोण घाबरतं?"

"माशांची खवलं लावू. खवल्यांना तोटा नाही."

"ऊन पडलं की चमकेल! शोभून दिसेल तो!"

मग त्यावर रीतसर चर्चा झाली. एक गट भुशाचा, एक खवल्यांचा. पाद्रीबुवांनी दोन्ही अर्धं अर्धं लावायचं सुचवलं, तर दोन्ही गट त्यांच्यावरच तुटून पडले. तास गेला. कढईखालची लाकडं विझली, कुणी बघितलंच नाही. लोकशाहीचे फायदे लोक सांगतात. हा एक मी स्वतःच्या अंगानं अनुभवला आहे, तो आता ऐका.

बोलता बोलता कप्तानांची नजर माझ्यावर पडली.

"झेडॉक, ती तुमचीच ना?"

झेडॉकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आमचं दोघांचं एकमेकांबद्दल कधीच फार चांगलं मत नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट. क्लॅमनेकमध्ये पिसं उपटायचं काम बायकांचं. हंसाच्या पिसांवर झोपणारे, हंसाचं मांस खाणारे, हंसाच्या अंड्यांवर पोसलेले ते तीस पुरुष तिथे उभे होते, पण हंसाला हात घालण्याआधी काय करायचं असतं हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. झेडॉकांना वर्षानुवर्षं एवढंच ठाऊक की आपला एक पायमोजा मधूनमधून हरवतो.

त्यांनी मला सरळ दोन्ही हातांनी उचललं, आणि माझं तोंड मोकळं होतं.

मी त्यांचं नाक धरलं. आयुष्यात मी पुष्कळ चावे घेतलेत, पण तो चावा मला अजून आठवतो. झेडॉक 'आम्हाला न विचारता' असं काही म्हणाले नाहीत. नुसतेच किंचाळले. मी सोडलं नाही. ते मागे मागे जात कप्तानांवर आदळले. कप्तानांनी मला खेचायला पंख धरले, तेव्हा मी नाक सोडून त्यांचा टोप धरला. मग आम्ही तिघं मिळून कढईला धडकलो, आणि मी सरळ आत गेले.

डांबर कोमट झालं होतं. भुसा की खवलं या वादात ते निवलं होतं. नाहीतर ही कहाणी तुम्हाला मी सांगितली नसती.

मी बाहेर आले. एवढ्या मोठ्या पक्ष्याला डांबरातून बाहेर यायचं तर पंख फडफडवावेच लागतात, आणि मी ते अगदी मनापासून फडफडवले. तीसच्या तीस जण ठिपक्याठिपक्यांचे झाले. पाद्रीबुवा तोंड उघडं ठेवून उभे होते, त्यांचं तर फारच वाईट झालं.

धक्क्याच्या मधोमध मी उभी. अंगावर डांबर, डांबरात पिसं, डाव्या पंखाला कप्तानांचा केसांचा टोप चिकटलेला. सभेच्या ठरावाची अंमलबजावणी तंतोतंत झाली होती. फक्त देशद्रोही चुकला होता.

पहिल्यांदा हसला तो ओबडाया. पिंपावर बसल्या बसल्याच त्याला हसू फुटलं. मग मागून मोठा हशा आला. बावीस बायका कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. हेप्झिबाबाईंनी आपल्या नवऱ्याचं टक्कल चारचौघांत बहुधा पहिल्यांदाच पाहिलं होतं, त्या तर खालीच बसल्या. माणसं एकदा एवढी हसली की त्यांना कुणाला जाळायची इच्छा राहत नाही. मी हे अनेकदा पाहिलं आहे. हात वर करणाऱ्यांतले अर्धे पुरुषही आता पोट धरून हसत होते.

"सभा तहकूब," कप्तान डोक्यावर रुमाल टाकून म्हणाले.

ओबडायानं हात हलवले तर दोर गळून पडला. झेडॉकांची गाठ त्यांच्या पिंपांसारखीच. मुद्दाम की नेहमीचंच, हे मी आजतागायत ओळखू शकलेले नाही. ओबडायानं अंगरखा काढून मला त्यात गुंडाळलं आणि घरी पळत सुटला. वाटेत त्यानं मला तो मक्याचा तुकडा दिला. वार बुधवार होता, म्हणून मी चावले नाही.

डांबर काढायला दोन दिवस लागले. "हंसाची चरबी याला सगळ्यात उत्तम," असा सल्ला एका शेजारणीनं माझ्यासमोर उभं राहून दिला. ती हल्ली आमच्याकडे येत नाही. शेवटी डुकराच्या चरबीवर भागलं. पण निम्मी पिसं कापावी लागली. दुसऱ्या रात्री मला हुडहुडी भरली, मान वर होईना, आणि ओरडायला गेले तर आवाज फुटेना. मी घाबरले. इतकी वर्षं सगळ्यांना घाबरवल्यावर आपण घाबरणं म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं.

सबमिटबाईंनी मला टोपलीत घालून चुलीजवळ ठेवलं. मग त्या माळ्यावर गेल्या आणि पेशन्सच्या पिशवीतून पिसं घेऊन आल्या. मोजूनमापून नाही, चांगली ओंजळ ओंजळ भरून. माझ्या खाली, माझ्या वर, सगळीकडे घातली. आणि शेजारी बसून रडल्या. भावाच्या वाट्याचं सगळं हिनं भोगलं, असं म्हणत होत्या. मी माझ्याच पिसांत ऊब धरून पडले होते. क्लॅमनेकमध्ये भरलेला कर परत मिळालेली मी एकटीच.

ओबडायानं जकातीची नोकरी सोडली. राजीनामा लिहिला, त्यातही चार ठिकाणी माफी मागितली. कोठीची किल्ली त्यानं दारावरच्या खिळ्याला अडकवून ठेवली आणि सकाळपर्यंत अकरा पिंपं पाय फुटल्यासारखी चालती झाली. शनिवारचा घेवडा पुन्हा गोड झाला. कप्तान क्रोवेल म्हणाले, हा स्वातंत्र्याचा विजय आहे. डोक्यावर टोप नव्हता, म्हणून कुणी फार टाळ्या वाजवल्या नाहीत. पेशन्सचं लग्न झालं. गादी थोडी पातळ झाली. सासू बोलते, पण बोलायला काहीतरी हवंच होतं तिला.

हे सगळं झालं त्याला दिवस लोटले. आता बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्यात म्हणे, आणि राजानं ते बंदरच बंद केलंय, सैनिक धाडलेत. आमच्या गावची माणसं रोज कुरणात बंदुका घेऊन कवायत करतात. त्यांची चाल पाहून मला हसू येतं, पण मी समोरून हसत नाही. यातले काही परत येणार नाहीत हे मला कळतं. झेडॉकही जातात. नाकावर व्रण आहे, तो राजाच्या शिपायाशी झटापट झाली त्याचा, असं शेजारच्या गावी सांगतात.

समिती आता सभेपेक्षा मोठी झाली आहे. ती दारोदार फिरते. पांघरुणं नेली, गोळ्या ओतायला कथलाचे चमचे नेले, आणि मागच्या आठवड्यात पिसांसाठी घरोघरच्या गाद्यांची यादी केली. विचारलं कुणालाच नाही.

म्हणून सबमिटबाईंनी अर्ज लिहायचं ठरवलं. आमची माणसं रणात जातायत, आम्हीही हवं ते देऊ, पण आधी विचारा, एवढंच त्यात होतं. लिहायला लेखणी हवी, आणि लेखणीला पंखातलं लांब पीस. बाई अंगणात आल्या. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"ज्युडिथ," म्हणाल्या, "एक पीस देशील का गं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाला विचारतायत असं वाटलं. मग मी उजवा पंख उघडला आणि मान दुसरीकडे केली. बाईंनी एकच पीस घेतलं, तेही हलकेच. खरं सांगते, अजून दोन मागितली असती तरी दिली असती.

त्या पिसानं तो अर्ज लिहिला गेला. त्यावर बावीस सह्या झाल्या. ओबडायानं अक्षर तपासलं आणि एका ठिकाणी 'माफ करा' घालायला गेला, त्याला उठवून लावलं. अर्ज सभेला दिला त्याला तीन सभा झाल्या. पहिल्या सभेत वेळ नव्हता. दुसऱ्या सभेत कागद सापडेना. तिसऱ्या सभेत कप्तान म्हणाले, योग्य वेळी विचार होईल. राजाचं उत्तर यायला निदान मधे समुद्र तरी होता. प्रार्थनाघर आमच्या फाटकापासून दोनशे पावलांवर आहे. माझी पावलं मोजून सांगते.

आज चौथी सभा आहे. सबमिटबाईंनी धुतलेली टोपी घातली आहे आणि चूल विझवली आहे. हेप्झिबाबाई फाटकाशी उभ्या आहेत, मागे बाकीच्या आहेत. पेशन्स सासरहून आली आहे, आणि विश्वास बसणार नाही, सासूला घेऊन आली आहे. घंटा झाली. आत पुरुष बसलेत, दार लोटलेलं आहे.

बायकांचा पाय उंबऱ्याशी अडतो. शंभर वर्षांत तिथून कुणी आत गेलेली नाही, म्हणून पहिलं पाऊल कुणी टाकायचं हे ठरत नाहीये.

तेव्हा आता बोलणं पुरे. तुमच्या उशीत पिसं असतील तर आज झोपताना एकदा विचारा, कुणाची म्हणून. मला निघायला हवं. दार चोचीनं उघडता येतं, आणि आमच्यात पुढे चालायला कुणाची परवानगी लागत नाही.